शंभर लिटरचा समुद्र

पुंडलिकरावांची आणि माझी ओळख माझ्या दाढेमुळे झाली. महागावच्या पोस्टात बदली होऊन मला चार महिने झाले होते, आणि उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. बसस्टँडमागच्या गल्लीत डॉक्टर समीक्षाचा दवाखाना आहे, तिथे गेले. रूट कॅनल करावं लागेल म्हणाली, म्हणजे चार-पाच खेपा आल्याच.

पहिल्या खेपेला बाहेरच्या खोलीत नंबर लावून बसले. समोर एक काचेची टाकी होती, अडीच फूट लांब असेल. टाकीसमोर खुर्ची टाकून एक साठी ओलांडलेले गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, पायजमा, एका गुडघ्याला पट्टा. मला वाटलं, हेही पेशंटच. पण चार जण आत जाऊन आले तरी ते जागचे हलले नाहीत. टाकीकडेच बघत होते.

टाकीत एकच मासा होता. काळाभोर, अंगावर तीन पांढरे ठिपके, लांबी जेमतेम बोटभर. पण त्याचं फिरणं असं की पूर्ण टाकीचा सातबारा त्याच्या नावावर असावा.

"एकच ठेवलाय का?" मी सहज विचारलं.

"पाच होते," ते म्हणाले. "यानं कोनाले खाल्लं नाही. पन कोनाले जगूही देल्लं नाही."

ते डॉक्टरचे वडील, हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. टाकीची हकिगत हळूहळू, तुकड्यातुकड्यानं कळत गेली; काही त्यांच्याकडून, काही समीक्षाकडून.

समीक्षा नागपूरला दंतवैद्यकी शिकत असताना तिनं एका मोठ्या दवाखान्यात खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी पाहिली होती. रडत आलेली पोरं त्या टाकीपाशी गप्प होत. तेव्हाच तिनं मनात धरलं होतं की आपला दवाखाना झाला की अशी टाकी ठेवायची. महागावात दवाखाना टाकल्यावर दुसऱ्याच वर्षी तिनं ती आणवली. समुद्र इथून सहाशे-सातशे किलोमीटर, त्यामुळे पाणीसुद्धा घडवावं लागतं. आरओचं पाणी आणि त्यात खास समुद्री मिठाची भुकटी. ज्यानं टाकी बसवून दिली त्या माणसानं पहिल्याच दिवशी पाच मासे सोडले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊनफिश, एक पिवळा, फुलपाखरू मासा म्हणतात तो, एक लांबट हिरवा, आणि हा तीन ठिपक्यांचा काळा डॅमसेल. सगळे रंगीत, सगळे सुंदर. दीड महिन्यात चार मेले. फुलपाखरू मासा उपाशी मेला, कारण त्यानं बाटलीतलं खाणं कधी तोंडात धरलंच नाही. दोन नारिंगी मासे डॅमसेलनं कोपऱ्यात दाबून दाबून संपवले. हिरवा कधी गेला ते समजलंही नाही.

समीक्षा टाकी काढून टाकणार होती. त्याच सुमारास पुंडलिकराव तिच्याकडे राहायला आले. गुडघ्यांनी दगा दिला होता. डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत, उकिडवं बसणं होत नव्हतं.

डोंग्यात, कारण पुंडलिकराव भोई. पूस नदीवरच्या धरणात त्यांनी पस्तीस वर्षं मासे धरले. पावसाळ्यात मत्स्यबीज आणून पाण्यात सोडायचं, पुढे जाळी टाकायची, आणि सकाळी बायकोनं, इंदूबाईंनी, मासे टोपलीत घालून बाजारात बसायचं. दोन लेकरं त्यावर वाढली. थोरला नयन गावातच राहिला, बापाचा डोंगा आता तो चालवतो. धाकटी समीक्षा हुशार निघाली.

दवाखान्यात मात्र समीक्षा यातलं काही बोलत नसे. कोणी विचारलं तर "बाबा धरणावर होते" एवढं सांगायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, पाटबंधारे खात्यात नोकरीला असतील. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. शाळेत तिच्या बाकावर कोणी बसायला तयार नसे, दप्तराला वास येतो म्हणून. बाजाराच्या दिवशी ती आईची जागा टाळून मागच्या रस्त्यानं घरी जायची. हे तिनं मला फार पुढे सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे न बघता हातातले मोजे घालत होती.

पुंडलिकरावांना हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. ते दवाखान्यात येऊन बसायचे, कमी बोलायचे आणि टाकी बघायचे. इंदूबाई डबा घेऊन आल्या की कुरकुरायच्या.

"खाता येत नाही, इकता येत नाही. कायले पोसून राह्यले तुम्ही त्याले?"

"पोसून नाही राह्यलो. पाहून राह्यलो," ते म्हणायचे.

काय पाहून राह्यले होते, ते त्यांनी मला दुसऱ्या खेपेला सांगितलं. माझं तोंड बधिर होतं, त्यामुळे मी बहुतेक वेळ ऐकतच होते.

"मॅडम, तलावात आम्ही तीन जातीचं बीज सोडतो. कटला वरचं खाते, रोहू मंधातलं खाते, मृगळ खालचं. एकाच्या ताटात दुसरा हात घालत नाही. म्हनून तिघंही वाढतात. आन् मरळ घुसली त मंग सारं बिघडते. इथं त्या मानसानं पाच मासे रंग पाहून टाकले. कोन कुठं राह्यते, काय खाते, केवढा होते, हे पाह्यलंच नाही. पानीही नवं होतं. नवं तळं आधी पिकू द्या लागते."

"मग हा काळा म्हणजे मरळ?"

त्यांनी थोडा विचार केला. "मरळ नाही म्हनता येत. मरळ पोटासाठी मारते. हा जागेसाठी मारते. याले दोष देऊन काय फायदा. याले टाकी पुरत नाही."

टाकी काढून टाकायच्या ऐवजी ती सहा महिने आपल्याकडे द्यावी, असं त्यांनी लेकीला सांगितलं होतं. पेशंटची पोरं रोज विचारायची की नवे मासे कधी येणार. समीक्षाला घाई होती, बाप ऐकत नव्हता. ते रोज पाण्याचा खारेपणा मोजायचे, उडून गेलेल्या पाण्याची भर घालायचे, आणि नागपूरच्या एका राजकुमार नावाच्या माणसाला फोन करायचे. राजकुमारचं समुद्री माशांचं दुकान. त्याचा नंबर समीक्षानं शोधून दिला होता. पुंडलिकराव प्रत्येक माशाबद्दल त्याला तेच चार प्रश्न विचारत. खाते काय? राह्यते कुठं? मोठा झाल्यावर केवढा होते? आन् भांडते कोनासंगं? पहिल्या काही फोनांना राजकुमार वैतागला. "काका, लेना है कि नहीं?" असं त्यानं सरळ विचारलं. "घेईन नं," हे म्हणाले, "पन आधी सांग." पुढे पुढे तो स्वतःच सांगायला लागला की हा नका घेऊ, हा दिसायला चांगला पण तुमच्या टाकीत दोन महिन्यांवर टिकणार नाही.

माझी तिसरी खेप होती त्या दिवशी मात्र गोष्ट वेगळ्याच वळणाला गेली.

बाहेरच्या खोलीत पाच-सहा जण होते. तांड्यावरची बसंतीबाई कवळीचं माप द्यायला आली होती. तेवढ्यात ऋतिकभाऊ आले. गावात त्यांचं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि खतं विकतात. त्यांच्या मुलाचे दात समीक्षानं बरे केले होते, म्हणून त्यांना तिच्याबद्दल फार आपुलकी. हातात थर्माकोलचा डबा. आदल्या दिवशी नागपूरला गेले होते, तिथल्या एका दुकानातून मासा घेऊन आले होते. डब्यातून त्यांनी हवा भरलेली पिशवी काढली. आत तळहाताएवढा, चपटा, गडद निळा मासा, शेपटी पिवळीजर्द. खोलीतली दोन लहान मुलं उठून उभी राहिली. खरंच देखणा होता.

"डॉक्टरांसाठी," ऋतिकभाऊ म्हणाले. "पोरं रोज विचारतात नं, नवा मासा कधी येईल. काका, सोडा आता टाकीत."

पुंडलिकरावांनी पिशवी हातात घेतली, उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "मासा लय चांगला आनला तुम्ही. पन टाकीत नाही सोडत मी याले."

"काहून?"

"हा हातभर होते. याले दिवसभर पोहाले पाह्यजे. इथं अडीच फुटात त्याचं आयुष्य भिताडाले वळसे घेण्यात जाईन, आन् तेही हा काळा जगू देईन तोवरच."

ऋतिकभाऊ हसले. वाईट माणूस नाही तो, पण सगळ्यांसमोर भेट नाकारली गेली होती. "काका, दुकानदारानं सांगितलं, चालते म्हनून. त्याचा रोजचा धंदा आहे. तुम्हाले माशाचं काय माहीत?"

पुंडलिकरावांनी पिशवी पुन्हा उजेडाकडे धरली. आतल्या खोलीच्या दारात समीक्षा उभी होती. कधी येऊन उभी राहिली होती, मला कळलं नाही. मास्क खाली ओढलेला, हातात मोजे. तिनं वडिलांकडे पाहिलं. ते पिशवीकडेच बघत होते, आणि मला त्या क्षणी वाटलं की ते मुद्दामच गप्प आहेत, लेकीसाठी.

"ऋतिकभाऊ," समीक्षा म्हणाली, "माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षं धरणात मासे धरले. आई बाजारात विकायची. त्याच्यावरच मी शिकले. मासा टाकीत जाईल की नाही, ते बाबा ठरवतील."

मग बसंतीबाईनं कवळीविना तोंड उघडलं.

"इंदूबाईची पोरगी का तू? मंग आधी काहून नाही सांगतलं? तिच्याकडूनच नेत होतो आम्ही मासे. तौलात कधी कमी नाही देल्ले बाईनं."

दुसरा एक जण म्हणाला की मला माहीतच होतं. मग कळलं की खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. समीक्षा कसंनुसं हसली आणि पुढचा नंबर पुकारून आत गेली. त्या दिवशी माझं काम करताना तिचा हात नेहमीसारखाच स्थिर होता, पण मध्येच थांबून तिनं दोनदा चष्मा पुसला.

ऋतिकभाऊंनी पुंडलिकरावांचा हात धरला. "चुकलं काका. आता याचं काय करायचं?"

हा खरा प्रश्न होता. पिशवीतली हवा फार तर संध्याकाळपर्यंत पुरली असती. पुंडलिकरावांनी साठवणीतलं खारं पाणी एका मोठ्या टबात ओतलं, त्यात हवेचा पंप सोडला आणि निळ्या माशाला तिथे ठेवलं. मग काळ्याला धरायचं काम काढलं. दगडांच्या फटीत शिरलेला मासा जाळीनं कधीच हाती लागत नाही. त्यांनी पाण्याच्या बाटलीचं वरचं तोंड कापलं, उलटं करून आत बसवलं, आत झिंग्याचा तुकडा ठेवला आणि बाटली टाकीच्या तळाशी आडवी केली. नदीत बांबूच्या कामट्यांचा असाच सापळा करतात म्हणाले. काळा डॅमसेल आधी बाटलीवर चालून गेला, तिला दोन-चार टोचे मारले, आणि अर्ध्या तासात आत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पुंडलिकराव दोन्ही मासे घेऊन नागपूरला निघाले. दोन वेगळ्या पिशव्या, एक थर्माकोलचा डबा. डबा मांडीवर ठेवून सहा तास बसले. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? "पाहुने आहेत," यांनी सांगितलं.

राजकुमारला ते प्रथमच प्रत्यक्ष भेटत होते. त्याच्याकडे सहा फुटांची एक टाकी होती, मोठ्या माशांची. निळा तिथे गेला. काळ्यालाही त्यानं ठेवून घेतलं, त्याच्याहून दांडगे मासे असलेल्या टाकीत. "इथं त्याची दादागिरी चालत नाही," राजकुमार म्हणाला. पुंडलिकराव त्या टाकीपाशी थांबून राहिले. काळा एका दगडाआड गेला, बाहेर आला, मोठे मासे पाहून पुन्हा आत गेला, आणि मग स्वतःपुरती जागा धरून तिथेच तरंगत राहिला.

मग त्यांनी आपले मासे निवडायला घेतले, आणि त्यात तीन तास घालवले. राजकुमार आजही ही गोष्ट गिऱ्हाईकांना सांगतो म्हणे. क्लाऊनफिशच्या टाकीत वीसेक पिल्लं होती. ती समुद्रातून धरलेली नव्हती, बीज केंद्रात जन्मलेली होती, हे ऐकून पुंडलिकराव खूश झाले. अशा माशांना माणसाच्या हातचं खाणं माहीत असतं. तरी ते म्हणाले, "खाऊ घालून दाखव." जो खाण्यावर तुटून पडला त्याच्यावर त्यांनी नजर ठेवली, आणि त्याच्या जवळ राहणारा, पण त्याच्याहून लहान, असा दुसरा शोधला. दोन सारख्या आकाराचे घेतले तर भांडत बसतील. एक मोठा, एक लहान असला की मोठा मादी होतो आणि लहान नर, हे त्यांना राजकुमारनंच फोनवर सांगितलं होतं. हे दोघं पाण्याच्या वरच्या-मधल्या भागात राहणारे. तळासाठी त्यांनी एक पिवळा गोबी घेतला. बेडकासारखे डोळे वर आलेला, वाळूत बसून राहणारा.

"आन् याच्या सोबतीले?" त्यांनी विचारलं.

राजकुमारनं वाळूतलं एक बीळ दाखवलं. आत बोटाच्या पेराएवढा झिंगा होता. तो बीळ खोदतो, पण त्याला धड दिसत नाही. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. झिंगा बाहेर येतो तेव्हा आपली मिशी गोबीच्या अंगावर टेकवून ठेवतो. धोका दिसला की गोबी शेपटी हलवतो, आणि दोघं आत. पुंडलिकराव हे बघत खाली बसले ते गुडघ्याचं दुखणं विसरूनच.

"एक राखते, एक खोदते," ते मला सांगत होते. "मॅडम, पस्तीस वर्सं पान्यात घालवली, पन असं कधी पाह्यलं नव्हतं."

आणखी दोन मासे घ्या, जागा आहे, असं राजकुमार म्हणाला होता. यांनी घेतले नाहीत.

परत आल्यावर घाई केली नाही. आधी दगडांची सगळी मांडणी बदलली. मग समीक्षाकडून सलाईनची नळी मागून घेतली, तिला गाठ मारली आणि टाकीचं पाणी थेंब थेंब पिशवीतल्या माशांवर सोडलं, तासभर. आधी गोबी आणि झिंगा सोडले. क्लाऊनफिश आठवडाभर वेगळ्या डब्यात ठेवले, लाजऱ्यांनी आधी घर करावं म्हणून.

गोबी सोडला तो दगडाखाली गेला आणि दिसेनासा झाला. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. क्लाऊनफिश सोडले, ते मजेत फिरू लागले, पोरं खूश झाली. गोबीचा पत्ता नव्हता. समीक्षा म्हणाली, "बाबा, मेला असन तो. दगड काढून पाहा. पाणी नासन." ते म्हणाले, थांब. पण त्यांचंही जेवणात लक्ष नव्हतं, हे इंदूबाईंनी सांगितलं. "घरात पोरगं हरवल्यावानी करून राह्यले," त्या म्हणाल्या.

नवव्या दिवशी दवाखान्यात कोणी नसताना टाकीतून 'टक्' असा आवाज आला. काच तडकल्यासारखा. समीक्षा धावत बाहेर आली. दगडाखालून वाळूचा एक छोटा लोट बाहेर पडला, त्यामागे झिंगा, आणि बिळाच्या तोंडाशी गोबी, पोट भरलेला, डोळे वर काढून बसलेला. आवाज झिंग्याच्या नांगीचा होता. नवीन पेशंट अजूनही तो ऐकून दचकतात.

मी शेवटच्या खेपेला, दाढेवर टोपी बसवायला गेले, तेव्हा टाकीत हे चार जीव होते आणि दोन-तीन गोगलगायी. ऋतिकभाऊ बाहेर बसले होते. एवढ्या टाकीत इतकेच मासे, रिकामी रिकामी वाटते, असं कोणीतरी म्हणालं. पुंडलिकरावांच्या आधी ऋतिकभाऊच बोलले, "रिकामी नाही ते. पोहाले जागा आहे."

माझं दाढेचं काम संपलं तरी पोस्ट सुटल्यावर मी कधी कधी तिकडे वळते. एप्रिलमध्ये पारा चव्वेचाळीसच्या वर गेला आणि वीज दोन-दोन तास जाऊ लागली, तेव्हा पुंडलिकराव फ्रीजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आळीपाळीनं टाकीत तरंगत ठेवत होते. मोठी मादी क्लाऊनफिश त्या बाटलीपासून दूर राही, लहान नर तिला चिकटून. एवढा उन्हाळा चौघांनी काढला.

पावसाळ्याच्या तोंडाशी धरणात बीज सोडायचे दिवस आले. नयननं फोन केला, बाबा, येता का, अंदाज तुमचाच लागतो. ते पंधरा दिवसांसाठी इंदूबाईंसह गावी गेले. टाकी समीक्षाकडे. मी गेले तेव्हा ती हातात मग घेऊन टाकीपुढे उभी होती, फोन कानाला.

"बाबा, पानी दोन बोटं खाली गेलं. मिठाचं टाकू का?"

पलीकडून ते काय म्हणाले ते मला अर्धवट ऐकू आलं. मग तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"मीठ टाकू नको. पानी उडते, मीठ मांगंच राह्यते. गोड पानी टाक, हळूहळू. गोबी दिसला का?"

"दिसला. बिळावर बसला आहे."

"बरं." मागे माणसांचा गलका आणि पाण्याचा आवाज येत होता. "तुझी माय म्हनते, आईतवारी दवाखाना बंद असते, त ये इकडं. बीज सोडताना तू कधी पाह्यलंच नाही."

समीक्षानं मगातलं पाणी टाकीच्या कडेनं बारीक धारेनं सोडलं. खोलीत तीन पेशंट बसले होते. त्यांच्यासमोरच, मोठ्यानं, घरच्या बोलीत ती म्हणाली, "येतो नं. नयनले सांगा, डोंगा तयार ठेव म्हना, मले बसाचं आहे त्याच्यात."